रॉकेलच्या पैशात सौर दिवा
गरीब देशाला स्वच्छ वीज परवडत नाही, असे सर्रास म्हटले जाते. बांगलादेशाचा व्यवहार पाहा. तेथील इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेने २००३ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने घरगुती सौरसंचांची योजना सुरू केली. ग्राहकाने थोडी रक्कम आधी भरायची, उरलेली दोन-तीन वर्षांत हप्त्याने. रॉकेलवर जाणारा पैसा हप्त्याकडे वळला. ग्रामीण शक्तीसारख्या संस्था हप्ते गोळा करीत, दुरुस्तीही त्यांच्याकडेच. दिवा बंद तर हप्ता बंद! खरी मेख हीच. २०१८ पर्यंत ४० लाखांवर संच बसले. पुढे मात्र विजेच्या तारा अंदाजापेक्षा लवकर खेड्यांत पोहोचल्या, हप्ते थकले आणि या संस्थांची उधारी अडकून पडली.