कॅराव्हॅनसाठी छत्रीचा स्टँड

महाराष्ट्राचं कॅराव्हॅन धोरण 2021 मध्ये आलं. गाडीतच मुक्काम करत शिर्डी-शनिशिंगणापूर करणाऱ्यांनी टीव्हीची छत्री सोबत घेतली, तर तिच्या स्टँडची निवड विचारपूर्वक करावी.

माझा कौल सरळ तिपाईला. टपावर पक्का बसवलेला स्टँड सोयीचा वाटतो. पण मग छत्रीला उघडं आकाश हवं म्हणून गाडीही उन्हात उभी करावी लागते. शिवाय आत कुणी चाललं की गाडी हलते. साठ सेंटिमीटरची छत्री एक-दीड अंश जरी सरकली, तरी चित्र अडखळतं किंवा जातं. तिपाई असेल तर गाडी लिंबाच्या सावलीत आणि छत्री केबलच्या अंतरावर मोकळ्यात.

डीडी फ्री डिशचा जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. शिंगणापुरातून तो बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 59 अंश वर येतो. म्हणजे त्या दिशेचं झाड छत्रीपेक्षा दहा मीटर उंच असेल, तर किमान सहा मीटर लांब राहा. फांद्यांचा पसारा वेगळा धरा.

तिपाईचे पाय स्वतंत्रपणे लांब-आखूड होणारे हवेत. नळी ओळंब्यात उभी नसेल, तर छत्रीवरचे अंशाचे आकडे निरुपयोगी ठरतात. नेवासे भागातल्या काळ्या मातीत पावसानंतर पाय रुततात. खाली फळीचे तुकडे ठेवा. वाऱ्यासाठी मधल्या हुकाला पाण्याने भरलेला कॅन टांगा. हूक नसलेली तिपाई घेऊच नका.