बाळाची शी पांढरी असेल तर

दीड महिन्याच्या लसीसाठी बाळ आलं की वजन करायच्या आधी मी आईला विचारते, “शी कुठल्या रंगाची होते?” बहुतेक जणी “पिवळी” म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. एखादी “पांढुरकी होते” म्हणाली, तर मात्र मी लंगोट बघायला मागते. तान्ह्या बाळाची लघवी पाण्यासारखी असते, तिचा डाग पडत नाही. इथे लघवीचे डाग गर्द पिवळे आणि शी मात्र भिजवलेल्या कणकेच्या रंगाची दिसली, तर मी त्याच दिवशी रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी लिहून देते.

शीला रंग येतो तो पित्तामुळे. पित्त यकृतात तयार होतं आणि नळीवाटे आतड्यात उतरतं. ‘बिलिअरी अट्रेसिया’ या आजारात ही नळी आक्रसून बंद होते. पित्त आतच तुंबतं आणि यकृत कडक होत जातं. उपचार झाले नाहीत तर बहुतेक मुलं दोन वर्षांपलीकडे जगत नाहीत. आजार विरळा आहे, युरोपात साधारण १५ ते २० हजार बाळांत एखाद्याला होतो. जपान-तैवानकडे त्याहून जास्त आढळतो. सुरुवातीला बाळ आजारी दिसतच नाही. दूध पितं, हसतं, अंगही धरतं. डोळे तेवढे पिवळे असतात. घरचे म्हणतात, कावीळ आहे, उन्हात ठेवलं की जाईल.

पूर्वी सर्जन पोट उघडून यकृताबाहेर नळीचा एखादा मोकळा तुकडा सापडतो का ते बघत. सापडला तर आतड्याला जोडत, नाही तर पोट तसंच शिवून टाकत. ही बाळं ‘दुरुस्त न होणारी’ गणली जात. १९५५ साली जपानमधल्या सेंदाई शहरात, तोहोकू विद्यापीठाच्या मोरिओ कासाईंपुढे असंच ७२ दिवसांचं बाळ होतं. असं सांगतात की यकृताच्या मुखाशी रक्त वाहू लागलं, ते थांबवायला त्यांनी आतड्याचा भाग तिथे लावून शिवला, आणि पुढे त्या वाटेनं पित्त उतरू लागलं.

कासाई तेवढ्यावर थांबले नाहीत, याचं मला फार मोल वाटतं. यकृताच्या मुखाशी असलेली निबर गाठ त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. वरून भरीव दिसणाऱ्या त्या ऊतीत पित्ताच्या अतिसूक्ष्म नळ्या अजून उघड्या होत्या, आणि बाळाचं वय वाढेल तशा त्या नाहीशा होत होत्या. म्हणजे वाट होती, पण थोडेच दिवस. निकामी नळी आणि पित्ताशय काढायचं, ती गाठ यकृताच्या अगदी लगत कापायची आणि लहान आतड्याचा पदर थेट तिथे शिवायचा, अशी शस्त्रक्रिया त्यातून उभी राहिली. १९५९ मध्ये त्यांनी सुझुकींसह ती जपानी भाषेत प्रसिद्ध केली, १९६८ मध्ये इंग्रजीत. पाश्चात्त्य सर्जन बरीच वर्षं साशंकच होते. आज जगभर ती ‘कासाई’ याच नावानं चालते.

ती साठ दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती घटत जाते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी पित्तमार्गात जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि यातल्या बऱ्याच मुलांना कधी ना कधी यकृत प्रत्यारोपण लागतं. १९९८ मध्ये दिल्लीत वीस महिन्यांच्या ज्या मुलावर लहान मुलांमधलं भारतातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण झालं, त्यालाही हाच आजार होता.

हे साठ दिवस गाठण्यासाठी जपानच्या तोचिगी प्रांतात १९९४ पासून आयांना शीच्या रंगांचं कार्ड देऊ लागले. तैवाननं २००४ मध्ये ते देशभर नेलं, आणि तिथे वेळेत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. छापील कागदाचा एवढा उपयोग वैद्यकात क्वचितच होतो! आपल्याकडे आशाताई ४२व्या दिवसापर्यंत पुन्हा पुन्हा बाळाच्या घरी जातात. त्यांनी दर खेपेला लंगोट पाहिलं, तर ही मुलं वेळेत हाती लागतील असं मला मनापासून वाटतं.

“बाई, माळ बांधलीय, चुन्याच्या पाण्यानं कावीळही उतरवलीय,” असं एखादी आजी सांगते, तेव्हा मी माळ काढायला लावत नाही. “राहू दे माळ, आजी. पण रक्त आजच तपासायचं,” एवढं म्हणते. कावीळ दोन आठवड्यांहून जास्त राहिली, तर ‘टोटल’बरोबर ‘डायरेक्ट’ बिलिरुबिनही करून घ्यायलाच हवं. अंगावरच्या दुधामुळेही कावीळ लांबते आणि तिच्यात काळजीचं कारण नसतं, पण तेव्हा शी पिवळीच राहते.

शी दिवसाच्या उजेडात बघावी, बल्बच्या प्रकाशात फिका रंगही पिवळसर वाटतो. शंका आली तर डायपर पिशवीत घालून सरळ दवाखान्यात आणा. मोबाइलवरचा फोटो चालतो, पण डायपर आणलेला बरा.