बुंधा, धुमारा आणि खोडवा : आगमनकाळातील एका रूपकाचा अर्थविचार

नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ हा ख्रिस्ती उपासनावर्षाचा आरंभ होय. या काळात वाचल्या जाणाऱ्या उताऱ्यांत यशयाच्या अकराव्या अध्यायास विशेष स्थान आहे. दावीद राजाचा पिता इशाय याच्या कुळास तेथे तोडलेल्या वृक्षाचे रूप दिले असून त्यातून नवा अंकुर निघेल, असे भाकीत केले आहे. ख्रिस्ती परंपरेने हा अंकुर येशूच्या ठायी पाहिला. प्रस्तुत टिपणात या रूपकातील शब्दांचा विचार करावयाचा आहे.

येथील मूळ हिब्रू शब्द ‘गेझा’ जुन्या करारात केवळ ३ वेळा येतो. यशयाच्याच चाळिसाव्या अध्यायात तो नुकत्या रुजू लागलेल्या रोपाच्या खोडास लावला आहे. ईयोबाच्या चौदाव्या अध्यायात मात्र तोडलेल्या, परंतु पाण्याच्या नुसत्या चाहुलीने पुन्हा फुटणाऱ्या झाडास. म्हणजे ‘तोडलेपणा’ हा या शब्दाचा अंगभूत अर्थ नव्हे. तो संदर्भाने येतो. अकराव्या अध्यायात तो संदर्भ लगतच्या आधीच्या वचनांनी पुरविला आहे. तेथे लबानोनाचे गर्विष्ठ अरण्य लोखंडाने तोडले जाते. मराठी भाषांतरात रूढ असलेला ‘बुंधा’ हा शब्द या दृष्टीने उचित ठरतो, कारण बुंधा उभ्या झाडाचाही असतो आणि तोडलेल्याचाही. ‘धुमारा’ या शब्दात तर जोमाने फुटण्याचा भाव आहेच.

वनस्पतीवरून कुळाची कल्पना करणे मराठीस नवे नाही. ‘वंश’ या शब्दाचा एक अर्थ वेळू असाच आहे. ‘मूळपुरुष’, ‘शाखा’, ‘वंशवेल’ हे शब्द त्याच जातीचे होत.

या रूपकास जवळचा शब्द सोनईच्या शिवारात सापडतो. नेवासे तालुक्यातील हा भाग उसाचा. आगमनकाळ येतो तो ऐन गळीत हंगामात. तोडलेल्या उसाच्या जमिनीतील बुडख्यांना फुटवे येऊन जे पीक उभे राहते, त्यास शेतकरी ‘खोडवा’ म्हणतो. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे कार्य झालेल्या या जिल्ह्यातील ख्रिस्ती श्रोत्यास यशयाचे रूपक समजावण्यास याहून परिचित दृष्टांत मिळणे कठीण. तथापि त्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी. खोडव्याचे उत्पन्न लागणीच्या उसाहून सहसा कमी येते. संदेष्ट्याचे म्हणणे नेमके उलट आहे. त्याचा धुमारा मूळ वृक्षाहून थोर ठरावयाचा आहे.

दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची. ज्या नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तो हाच तालुका. तिच्या पंधराव्या अध्यायातील ऊर्ध्वमूल अश्वत्थ मराठी मनात खोल रुजलेला आहे. दोन्ही ठिकाणी वृक्ष आहे, मूळ आहे आणि तोडणेही आहे. म्हणून दोहोंची सांगड घालण्याचा मोह होतो. परंतु अश्वत्थ हा संसार असून वैराग्यशस्त्राने त्याचा छेद करणे हीच मुक्ती. इशायाच्या वृक्षाचा छेद ही आपत्ती असून पुन्हा फुटणे ही आशा. एकात वृक्ष उरू नये अशी साधना आहे, तर दुसऱ्यात मूळ उरले आहे याचा दिलासा.

प्रतिमा समान असली म्हणजे अर्थ समान असतो असे नाही. ख्रिस्ती विचारास मराठी मातीत मुळे धरावयाची असतील, तर त्याने येथील शब्द अवश्य घ्यावेत. परंतु त्या शब्दांना पूर्वीच जडलेले अर्थ पारखूनच घ्यावेत. भाषाभ्यासकाचे साह्य येथेच उपयोगी पडावे.