मेकाँगवरील संथ नौका आणि पालि वाङ्मयातील ‘नावा’

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला नदी आणि नौका या दोन गोष्टी पदोपदी भेटतात. ओघ, तीर, पार, तरण हे शब्द आपण वंदनेत आणि प्रवचनात इतक्या वेळा ऐकतो की त्यांच्यामागे खरे पाणी आहे, खरे लाकूड आहे आणि खरी माणसे आहेत याचा विसर पडतो. आमचेही असेच झाले होते. काही वर्षांपूर्वी वर्षावास संपल्यानंतर आम्ही लाओस देशात मेकाँग नदीवरून दोन दिवस नौकेने प्रवास केला, आणि ग्रंथातून परिचित असलेले अनेक शब्द नव्याने उमगले. त्या प्रवासाच्या आधारे काही पालि स्थळांचे विवेचन करावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मेकाँग ही चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम अशा सहा देशांतून वाहते. लाओ आणि थाई भाषांत नदीला ‘मे नाम’ म्हणतात. ‘मे’ म्हणजे माता आणि ‘नाम’ म्हणजे पाणी. लाओसच्या वायव्येस, थायलंडमधील चिआंग खाँगच्या समोरच्या तीरावर हुआय साय हे गाव आहे. तेथून लुआंग प्रबांगपर्यंतचा जलमार्ग सुमारे ३०० किलोमीटरांचा आहे. पूर्वी सीमा ओलांडण्यासाठीही होडीच लागे. डिसेंबर २०१३ मध्ये तेथे पूल झाला. पुढचा मार्ग मात्र अजूनही नौकेने जाता येतो. या नौकेला लाओ भाषेत ‘हेउआ सा’, म्हणजे संथ नौका, असे नाव आहे.

ही नौका लांबट, अरुंद आणि लाकडी असते. वर ठेंगणे छत असते आणि दोन्ही बाजू उघड्या असतात. तांडेल अगदी पुढे बसतो, यंत्र अगदी मागे असते. बऱ्याच नौकांत मागच्या भागात मालकाचे कुटुंबच राहते. चूल, भांडी, वाळत घातलेले कपडे आणि लहान मुले सर्व तेथेच. प्रवाशांसाठी मोटारीतून काढलेल्या जुन्या आसनांच्या ओळी मांडलेल्या असतात. नदीत खडक पुष्कळ आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरले की ते वर येतात, आणि अंधारात ते दिसत नाहीत. म्हणून रात्री नौका चालवीत नाहीत. साधारण अर्ध्या वाटेवर पाकबेंग येथे मुक्काम करावा लागतो व दुसऱ्या दिवशी सायंकाळच्या सुमारास लुआंग प्रबांग गाठता येते. संथपणा हा त्या नौकेचा दोष नव्हे; नदीच्या स्वभावाशी तिने केलेला तो करार आहे.

आम्ही चढलो त्या दिवशी आसनांपेक्षा माणसे अधिक होती. आमच्या तिकिटावर आसनाचा क्रमांक होता, परंतु त्या आसनावर तांदळाचे पोते होते आणि पोत्याला टेकून एक वृद्ध उपासिका बसली होती. आमच्या सहाध्यायींनी तिकीट पुढे करून क्रमांक दाखविला. त्या माउलीला ना क्रमांकाचे महत्त्व, ना आमची भाषा. तिने पोते पायांखाली ओढले, स्वतः अंग चोरून सरकली आणि आम्हा दोघांना जागा दिली. थोड्या वेळाने बांबूच्या छोट्या करंडीतून चिकट भाताचा गोळा काढून तिने आमच्या हातावर ठेवला. आम्ही सहा सारणीय धम्म अनेक वर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत आलो आहोत. न्यायाने मिळालेले, अगदी भिक्षापात्रातले अन्नही सहचाऱ्यांबरोबर वाटून खावे, असे त्यांतील एक अंग आहे. क्रमांक दाखविणारे आम्ही होतो आणि धम्म आचरणारी ती होती, हे येथे नमूद करणे आम्हास आवश्यक वाटते.

विनयातील नौका

विनयपिटकात नौकेचा विचार किती बारकाईने केला आहे, हे अशा प्रवासात ध्यानी येते. भिक्खूंनी वर्षावास एका ठिकाणी करावा हा नियम सर्वांना माहीत आहे. परंतु महावग्गात असा प्रसंग आहे की वर्षावासाचा काळ आला असता एक भिक्खू नौकेतून जात होता. भगवंतांनी त्याला नौकेतच वर्षावास करण्याची अनुज्ञा दिली. गोपालकांच्या वस्तीबरोबर व सार्थाबरोबर राहणाऱ्यांसाठीही तशीच अनुज्ञा आहे. ज्यांचे घरच फिरते आहे त्यांच्याबरोबर संघाला राहता आले पाहिजे, हे या अनुज्ञेमागील सूत्र आहे. नौकेच्या मागील भागात संसार थाटलेले कुटुंब पाहिले म्हणजे त्याचा अर्थ कळतो.

पाचित्तिय प्रकरणातील अठ्ठाविसावा नियम असा आहे की, भिक्खूने भिक्खुणीशी आधी ठरवून एकाच नौकेतून प्रवाहाच्या वर किंवा खाली प्रवास करू नये. पैलतीरी जाण्यासाठी मात्र चालेल. हा अपवाद मूळ नियमात नव्हता. नियमाच्या भीतीने भिक्खू आधी पार गेले, भिक्खुणी मागे राहिल्या, आणि चोरांनी त्यांना लुटले व भ्रष्ट केले, अशी निदानकथा आहे. त्यानंतर नियम बदलला. लोकापवादापेक्षा स्त्रियांची सुरक्षितता मोठी ठरली. आमच्या नौकेत पुढच्या बाकावर चार भिक्खू होते आणि स्त्रिया त्यांच्यापासून अंतर राखून बसल्या होत्या. ती तेथील रूढी आहे. पण विनयाचा मूळ नियम आधी ठरवून केलेल्या प्रवासापुरता आहे आणि करुणेपुढे तो वाकतो, हे आपण विसरता कामा नये. लाओसमध्ये आज भिक्खुणीसंघ नाही. श्वेतवस्त्र धारण करणाऱ्या ‘मे खाओ’ आहेत, पण त्यांना उपसंपदा नाही.

तिसरे स्थळ सीमेचे. संघकर्मासाठी सीमा ठरवावी लागते. नदी ही स्वतः सीमा होऊ शकत नाही असे विनय सांगतो, परंतु मध्यम शक्तीच्या पुरुषाने सभोवार पाणी फेकले असता ते जेथवर पडेल तेथवरचा भाग संघकर्मास योग्य ठरतो. त्यास ‘उदकुक्खेप’ म्हणतात. नदीच्या दोन्ही तीरांना व्यापणारी सीमाही बांधता येते; अट इतकीच की तेथे नित्य चालणारी नौका किंवा कायमचा पूल हवा. अडीच हजार वर्षांच्या परंपरेत नित्य नौकेला असे धम्मविनयाचे स्थान आहे. लाओ विहारातील उपसंपदागृहाला ‘सिम’ म्हणतात. तो पालि ‘सीमा’ शब्दच होय.

पाण्यावरून आलेली परंपरा

उदकुक्खेपाचे हे विवेचन केवळ पुस्तकी नाही. १४२४ मध्ये चिआंग माई येथील भिक्खू लंकेस गेले आणि तेथे कल्याणी नदीवर त्यांनी पुन्हा उपसंपदा घेतली, असे ‘जिनकालमाली’ या पालि ग्रंथात आले आहे. हा ग्रंथ चिआंग माईच्याच रतनपञ्ञ थेरांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी रचला. याच शतकाच्या पूर्वार्धात चिआंग माईहून भिक्खू व पालि ग्रंथ लान सांग राज्यात आले. लान सांगची स्थापना फा न्गुम राजाने १३५३ मध्ये केली होती; आजचे लुआंग प्रबांग ही त्याची राजधानी. पुढे सेत्थाथिरात हा राजा प्रथम चिआंग माई येथे व नंतर लान सांगमध्ये राज्यावर आला. लुआंग प्रबांगचा सुप्रसिद्ध वाट सिएंग थाँग हा विहार त्याने १५६० च्या सुमारास बांधविला. हा विहार मेकाँगच्या काठाजवळ आहे आणि नदीच्या घाटावरून पायऱ्या चढून तेथे जाता येते. राजधानीचे तोंड नदीकडे होते, कारण पाहुणे, व्यापारी, ग्रंथ आणि भिक्खू नदीनेच येत.

महावंसातील परंपरेनुसार तिसऱ्या संगीतीनंतर सोण आणि उत्तर हे थेर सुवण्णभूमीत गेले. त्याच यादीत महारट्ठात महाधम्मरक्खित व अपरान्तकात योनक धम्मरक्खित यांना पाठविल्याचे आहे. महाराष्ट्रीय वाचकास ही एकत्र नोंद सुखावणारी आहे. तथापि सुवण्णभूमी नेमकी कोणती याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, आणि लाओसमधील थेरवादाचा विश्वसनीय इतिहास बराच उत्तरकालीन आहे. अभिमानासाठी इतिहास ताणू नये, ही शिस्त आपण पाळली पाहिजे.

पाली उच्चाराची एक गंमत येथे सांगतो. आमच्या शेजारी एक सामणेर होता. लाओसमधील अनेक खेड्यांतील गरीब मुले शिक्षणासाठी शहरातील विहारांत सामणेर होतात, हाही त्यांतलाच. आम्ही त्याच्याबरोबर त्रिसरण म्हणू लागलो तेव्हा प्रथम दोघेही थबकलो. लाओ उच्चारात ‘बुद्ध’ चा ‘फुत्थ’ होतो, ‘धम्म’ चा ‘थम्म’, ‘सरण’ चा ‘सलण’. तिसऱ्यांदा म्हणताना मात्र दोघांची लय जुळली. मागील ओळींतील माणसांनी हात जोडले. भाषा एकमेकांस कळत नसताना ती दोन मिनिटे आम्ही परके नव्हतो.

नौकेवरील कामकरी

‘मिलिन्दपञ्ह’ या ग्रंथाच्या अखेरच्या भागात भिक्खूने कोणाकोणाचे गुण घ्यावेत याच्या उपमा आहेत. त्यांत नौका आहे, नांगर आहे, डोलकाठी आहे, नियामक म्हणजे तांडेल आहे. आणि त्याच ओळीत कम्मकार, म्हणजे नौकेवर मजुरी करणारा खलाशी आहे. आपण या नौकेवर वेतन घेऊन काम करतो, तेव्हा प्रमाद होता कामा नये, ही त्याची जाणीव भिक्खूने घ्यावी असे नागसेन सांगतात. आमच्या नौकेच्या नाळेवर एक तरुण लांब बांबू घेऊन उभा होता. खडक जवळ आला की बांबू टेकून तो नौका बाजूला ढकलीत असे. दोन दिवसांत तो बसलेला आम्ही क्वचितच पाहिला. श्रम करणाऱ्याला भिक्खूचा आदर्श म्हणून मांडणारे हे स्थळ आपल्या प्रवचनांतून अधिक सांगितले जावे, असे आम्हास वाटते.

परंतु येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. वाटेत नौका वाळूच्या काठांना लागे आणि डोंगरातील माणसे ओझी घेऊन चढत. त्यांत खमू लोक होते. हे मोन-ख्मेर भाषा बोलणारे, या भूमीचे प्राचीन रहिवासी. त्यांना लाओ लोक पूर्वी ‘खा’ म्हणत. या शब्दाचा अर्थ दास असा होतो. आज तो शब्द अपमानकारक मानला जातो, आणि शासकीय व्यवहारात वापरला जात नाही. तरी तो शब्द शतकानुशतके बौद्ध राज्यात चालला, हे सत्य उरतेच. बौद्ध देश म्हटला की तेथे विषमता नसणार, अशी आपली भोळी समजूत असते. राजाने विहार बांधले म्हणून समाजात समता येत नाही. ती प्रत्येक पिढीला आणावी लागते. बाबासाहेबांनी धम्माचा विचार समतेपासून कधीच वेगळा केला नाही, त्याचे कारण अशा ठिकाणी स्वच्छ दिसते. आमच्या नौकेत मात्र दाटीमुळे कोणास कोणापासून दूर बसणे शक्य नव्हते. खमू स्त्रीचे मूल त्या लाओ उपासिकेच्या मांडीवर झोपले होते.

नौका आणि पैलतीर

दुसऱ्या दिवशी, लुआंग प्रबांगच्या अलीकडे सुमारे २५ किलोमीटरवर, नाम ऊ नदी मेकाँगला मिळते. तेथे कड्यात पाक ऊच्या दोन गुहा आहेत आणि त्यांत लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आणून ठेवलेल्या हजारो बुद्धमूर्ती आहेत. बहुतेक लहान आहेत, काहींचे हात तुटलेले आहेत. आज या गुहांच्या परिसरातच एका मोठ्या जलविद्युत धरणाचे काम चालू आहे. लुआंग प्रबांगच्या खालच्या अंगाला सायाबुरी धरण २०१९ पासून वीजनिर्मिती करीत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये चीनला जोडणारी रेल्वे सुरू झाली आणि व्हिएनतिआनहून लुआंग प्रबांगला काही तासांत पोहोचता येऊ लागले. सडकाही सुधारल्या. त्यामुळे स्थानिक माणसे नौकेने कमी जातात आणि आसनांवर परदेशी प्रवासी अधिक दिसतात. डोंगरातील माणसाला दवाखाना आणि शाळा लवकर गाठता आली, तर संथ नौका मागे पडल्याचा शोक आपण करू नये. पण नदीच अडली तर मासे, काठची शेती आणि तिच्यावर जगणारी माणसे यांचे काय, हा प्रश्न शोकाचा नसून न्यायाचा आहे.

मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्तात तराफ्याची उपमा आहे. पार गेल्यावर तराफा डोक्यावर घेऊन हिंडणे शहाणपणाचे नव्हे. धम्मही तरण्यासाठी आहे, कवटाळण्यासाठी नाही. ही उपमा आम्ही अनेकदा शिकविली, पण तिचा एक अंश निसटत होता. तराफा सोडावयाचा तो पार गेल्यावर. मध्यप्रवाहात तो सोडण्याची मुभा कोणासही नाही, आणि जे अजून अलीकडच्या तीरावर आहेत त्यांच्यासाठी तो शाबूत राहिला पाहिजे.

सायंकाळी नौका घाटाला लागली. घाईने उतरण्याच्या गडबडीत आम्ही त्या उपासिकेला नमस्कार करावयास वळलो, तेव्हा तिने पोत्याचे एक टोक आमच्या सहाध्यायींच्या हाती दिले होते. कालपर्यंत आसनाचा क्रमांक दाखविणारे आमचे मित्र पोते धरून पायऱ्या चढत होते, आणि ती मागून हसत येत होती.