इंग्रजीच्या गाडीत आरक्षण सक्तीचं!

दोस्तांनो, 'मी आंबा खातो' याचं इंग्रजी करताना 'आय मँगो ईट' असं कधी तोंडून गेलंय? वर्गात खसखस पिकली असेल. पिकू दे! ती चूक म्हणजे तुम्ही 'ढ' असल्याची खूण नव्हे. मराठीचं व्याकरण डोक्यात पक्कं बसलंय आणि तोच नियम तुम्ही इंग्रजीला लावलात, इतकंच.

हे वाक्य बघा : 'वाघाने बोकडाला मारले.' आता शब्दांची उलटापालट करा. 'बोकडाला वाघाने मारले.' 'मारले वाघाने बोकडाला.' काहीही करा, जीव जातो तो बोकडाचाच! का बरं? कारण वाघाला 'ने' चिकटलाय आणि बोकडाला 'ला'. हे विभक्तीचे प्रत्यय म्हणजे शब्दांच्या खिशातली तिकिटं. कुठेही बसा, कंडक्टर ओळखणारच.

आता इंग्रजीत या. 'द टायगर किल्ड द गोट.' टायगर आणि गोट यांच्या जागा बदला. 'द गोट किल्ड द टायगर.' झाली ना पंचाईत? शब्द तेच, पण बोकडानं वाघाला लोळवलं! इंग्रजी नामांच्या खिशात 'ने', 'ला' अशी तिकिटं नाहीत. कोणी कोणाला मारलं, हे फक्त जागेवरून कळतं. म्हणून साध्या वाक्यात सीट ठरलेल्या : पहिली कर्त्याची, दुसरी क्रियापदाची, तिसरी कर्माची. 'आय ईट अ मँगो.' मराठीत बहुधा शेवटी बसणारं क्रियापद इथे मधे येतं, ते असं.

गंमत म्हणजे, इंग्रजी पूर्वी अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामांना विभक्तीचे प्रत्यय होते आणि शब्द बरेच मोकळेपणानं हलत. पण शब्दांची शेपटं बोलताना अस्पष्ट होत गेली. नवव्या शतकात वायकिंग लोक इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. दोन भाषांच्या या सरमिसळीमुळे प्रत्ययांची झीज वाढली, असं अनेक अभ्यासक मानतात. पुढे १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली आणि इंग्रजी मुख्यतः सामान्य माणसांच्या तोंडी राहिली. प्रत्यय झिजत गेले, तसा शब्दांचा क्रम पक्का होत गेला. जुन्या तिकिटांचे काही तुकडे अजून सापडतात. 'ही'चं 'हिम' होतं, 'आय'चं 'मी' होतं, ते त्यातलेच.

आणखी एक नियम : पहिली सीट सहसा रिकामी ठेवायची नाही. मराठीत नुसतं 'आलो!' म्हटलं तरी चालतं, कारण कोण आलं ते क्रियापदच सांगतं. इंग्रजीत नुसतं 'केम' चालत नाही, 'आय केम' म्हणावं लागतं. 'इट इज रेनिंग'मधला 'इट' कोण? कोणीच नाही! एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा तो रुमाल.

प्रश्न विचारताना मात्र सीटची अदलाबदल होते. 'यू आर रेडी'चं 'आर यू रेडी?' होतं. असं सहायक क्रियापद वाक्यात नसेल, तर 'डू' मदतीला धावतं : 'डू यू ईट मँगोज?' शेक्सपिअरच्या काळात (१५६४-१६१६) 'डू'शिवायही असे प्रश्न विचारत. 'डू'ची सक्ती नंतर पक्की झाली.

करून पाहा : एका इंग्रजी वाक्यातला एकेक शब्द वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठ्या हलवा आणि अर्थ कुठे बदलतो, कुठे बिघडतो ते पाहा. आई-बाबा, तुम्हीही या खेळात बसा. मूल अडखळलं तर हसू नका. 'पहिल्या सीटवर कोण?' एवढंच विचारा.

जाता जाता एक कोडं. 'मला थंडी वाजते' याच्या इंग्रजीत पहिल्या सीटवर कोण बसेल? थंडी की मी?

उत्तर : मी! 'आय फील कोल्ड.' मराठीत वाजते ती थंडी. इंग्रजीत मात्र पहिली सीट कुडकुडणाऱ्याला!