सुई, तबकडी आणि माडीची जमीन

साताऱ्या-सांगलीकडच्या जुन्या वाड्यांत माडीवर रेकॉर्ड लावावी, कुणीतरी चालत यावं आणि सुई टुणकन उडावी, हे रेकॉर्ड ऐकणाऱ्यांना नवं नाही. असं का होतं? सुईला गाणं कळत नाही, तिला हालचाल कळते. खाचेतली वळणं केसाहून बारीक असतात. जमीन तेवढी हलली तरी सुई तेही ‘वाचते’.

कडीपाटाची जमीन पावलागणिक लवते आणि सावकाश थरथरते. सुईचा दांडाही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा झुलू पाहतो. दोन्हींचा ताल जुळला, की झोका वाढतो.

म्हणून माडीवर प्लेअरखाली स्पंज घातला, तर बहुधा उलटंच होतं, कारण स्पंजही झुलतो. त्यापेक्षा जाड दगडी भिंतीत मजबूत फळी बसवा आणि प्लेअर तिच्यावर ठेवा. पावलांनी भिंत हलत नाही. ते जमत नसेल, तर तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे ठेवा, खोलीच्या मध्यावर नको. स्पीकर त्या फळीवर ठेवू नका, नाहीतर त्यांचा हादरा सुईत परत शिरून घुमायला लागतो. स्लॅबच्या घरात मात्र रबराच्या तुकड्यांवर जड फरशी ठेवली, तरी बऱ्याचदा भागतं.

एवढा खटाटोप कशाला? मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांचा आवाज आपल्याकडे खाचेतच उरलाय, आणि उडालेली सुई तीच खाच खरवडते.