आढं एक, बिऱ्हाडं अनेक

कंटेनर म्हणजे संगणकाच्या पोटातला छोटा संगणक, ही समजूत सोयीची आहे, पण चुकीची. आभासी यंत्राला स्वतःचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, असतो; कंटेनरला नसतो. आत चालणारा प्रोग्राम यजमानाच्याच कर्नलवर चालतो, फक्त त्याला काय दिसावं आणि किती मिळावं हे कर्नल ठरवतो. जुन्या वाड्यातली बिऱ्हाडं आठवावीत: दार वेगळं, चूल वेगळी, आढं मात्र एकच. म्हणून भिंत किती जाड यापेक्षा तिला खिडक्या कुठे ठेवल्या, हे पाहणं मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

१९७९ च्या युनिक्समधली ‘सीएचरूट’ फक्त फाइलींचं मूळ ठिकाण बदलत असे. रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार हाती असलेल्या प्रोग्रामला त्यातून निसटणं अवघड नव्हतं. २००० साली फ्रीबीएसडी ४.० मध्ये पॉल-हेनिंग कॅम्प यांचं ‘जेल’ आलं आणि आतल्या रूटचेही हात बांधले गेले. लिनक्सने हेच काम हप्त्याहप्त्याने केलं: २००२ मध्ये प्रोग्रामला कोणत्या फाइली दिसाव्यात हे ठरवणारी माउंट नेमस्पेस, २००८ मध्ये मेमरी-प्रोसेसरचा वाटा ठरवणारे सीग्रुप्स, २०१३ मध्ये आतले-बाहेरचे वापरकर्ते वेगळे करणारी यूजर नेमस्पेस. त्याच वर्षी कंटेनर चालवणं सोपं करणारं डॉकर आलं आणि सगळा गाजावाजा त्याच्या वाट्याला गेला. भिंती बांधणारे गवंडी पडद्याआडच राहिले.

आढं एकच असेल तर ते कोसळल्यावर सगळेच गाडले जाणार, हा आक्षेप खरा आहे. २०१६ चा ‘डर्टी काऊ’ हा दोष कर्नलमधलाच होता. अनोळखी माणसाचा कोड चालवायचा असेल तर आभासी यंत्रच बरं, हे मान्य करायला हवं. पण २०१९ मध्ये कंटेनर सुरू करणाऱ्या ‘रनसी’ या प्रोग्राममध्ये सापडलेला दोष वेगळं सांगतो. त्यात कंटेनरमधला रूट यजमानावरची रनसीची फाइलच बदलू शकत होता. मात्र जिथे यूजर नेमस्पेस नीट लावली होती, म्हणजे आतला शून्य क्रमांकाचा रूट बाहेर एक लाखाव्या क्रमांकाचा सामान्य वापरकर्ता ठरत होता, तिथे हा हल्ला चालत नव्हता. तंत्र तेच, मांडणी निराळी. उलट डॉकरला आदेश देण्याचं सॉकेट आत जोडून दिलं, की यजमानाची किल्लीच भाडेकरूच्या हाती जाते.

डेस्कटॉपवर तर खिडक्यांचा हा मुद्दा आणखी उघडा पडतो. सर्व्हरला एखादं पोर्ट पुरतं. ब्राउझरला पडदा, आवाज, कॅमेरा, फाइली सगळंच लागतं. एक्स११ या जुन्या पडदा-व्यवस्थेवर एका ॲपला दुसऱ्यात दाबलेल्या कळा वाचता येतात, त्यामुळे तिथे नुसता कंटेनर म्हणजे दार लावून खिडकी सताड ठेवणं. नवी पडदा-व्यवस्था वेलँड आणि ॲप बंदिस्त चालवणाऱ्या फ्लॅटपॅकचे पोर्टल यांनी तोड काढली. पोर्टलमुळे फाइल निवडण्याची चौकट ॲपच्या बाहेर उघडते आणि निवडलेली फाइल तेवढी आत जाते. तरीही अनेक ॲप अख्खं होम फोल्डर मागतात, आणि ते आपण निमूट देतो. नवं फ्लॅटपॅक ॲप बसवल्यावर एकदा परवानग्या दाखवणारं ‘फ्लॅटसील’ उघडून त्याच्या परवानग्या वाचा, आणि होम फोल्डरची गरज नसेल तर ती तिथल्या तिथे काढून टाका.